गारठ्यात कुत्र्याला फिरवायला निघताना: कपडे कसे घालावेत

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा पहाटे दहाच्या खाली उतरतो, निफाडकडे तर आणखी खाली, आणि दुपारी स्वेटर नकोसा होतो. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सातनंतर उगवतो. सहाला कुत्रा घेऊन निघालात, तर जवळजवळ सगळी फेरी अंधारात आणि दिवसातल्या सगळ्यात गार वेळेत होते.

या फेरीला पळायला जाणाऱ्यांचे कपडे पुरत नाहीत. पळणारा सतत गरम असतो. कुत्रा दर खांबाशी थांबतो, एकेक झुडूप हुंगतो. चालताना आलेला घाम थांबलं की गार पडतो आणि हुडहुडी भरते ती तेव्हा. म्हणून एकच जाडजूड जर्किन घेऊ नका. तीन पातळ थर घाला आणि वरच्या दोन्हींना पुढून पूर्ण चेन असू द्या, म्हणजे चालताना उघडता येईल, थांबल्यावर लावता येईल.

सगळ्यात आतला थर सुती बनियनचा नको. आपल्याकडे चूक नेमकी इथेच होते. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. पॉलिएस्टरचा ड्रायफिट टीशर्ट किंवा पातळ थर्मल अंगाला लागून घाला. त्यावर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमधून घेत असाल तर चेनवालाच मागा, डोक्यातून घालायचा नको. सर्वात वर पातळ विंडचीटर. लोकर कितीही जाड असली तरी तिच्या विणीतून वारा शिरतो, आणि मखमलाबादकडे मळ्यांच्या रस्त्याला किंवा सोमेश्वरला गोदाकाठी तो चांगलाच बोचतो. विंडचीटरवर पुढेमागे चमकणारी पट्टी हवीच, कारण धुक्यात गडद जर्किन गाडीवाल्याला दिसत नाही.

प्रमाण बरोबर आहे का, हे असं ओळखा: दाराबाहेर पडल्यावर पहिली पाच मिनिटं किंचित गार वाटलं पाहिजे. तेव्हाच उबदार वाटत असेल तर पंधराव्या मिनिटाला पाठ भिजलेली असेल.

डोक्याला कानटोपी. जर्किनची टोपी ओढून घेऊ नका. मान वळवली तरी ती टोपी पुरती वळत नाही, डोळ्यांपुढे तिचा काठ येतो आणि मागून येणारं भटकं कुत्रं दिसत नाही. मफलर घेतलात तर दोन्ही टोकं विंडचीटरच्या आत खोचा. लोंबतं टोक कुत्र्याला खेळण्यासारखं वाटतं, आणि गळ्याभोवतीचा मफलर ओढला जाणं धोक्याचं आहे.

हातमोज्यांकडे नीट लक्ष द्या. नुसत्या लोकरीच्या मोज्यातून नायलॉनचा पट्टा सर्रकन निसटतो. तळव्याला रबराचे ठिपके किंवा चामडं असलेले मोजे घ्या आणि घरीच ते घालून पट्ट्याचा हूक दोनदा लावून-काढून बघा. जमत नसेल तर ते जाड आहेत. पकड सुटते म्हणून पट्टा बोटांना गुंडाळण्याची सवय अनेकांना असते. मांजर दिसताच कुत्र्याने झेप घेतली, तर बोट मोडू शकतं. पट्ट्याच्या फासातून मनगट घाला आणि मग मुठीत धरा.

पायात बंद बूट, पण जाळीदार नकोत, दवातून चाललं की मोजे लगेच भिजतात. एकावर एक दोन मोजे घालून बूट घट्ट करू नका. रक्त नीट फिरलं नाही की बोटं उलट जास्त गार पडतात. एकच जाडसर मोजा पुरतो.

आता कुत्र्याचं. लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, हस्की यांना दाट दुहेरी केस असतात, निरोगी असतील तर स्वेटर नको. पग, डॅशहुंड, आखूड केसांचे देशी कुत्रे, पिल्लं आणि म्हातारी जनावरं मात्र काकडतात. माप घेताना मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ, आणि पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा. घातल्यावर गळ्यात आणि छातीशी दोन बोटं सहज शिरली पाहिजेत. काखेत शिवण घासते का, हेही बघा. नर असेल तर पोटाखालचं कापड आखूड हवं, नाहीतर पहिल्याच खांबाशी ते भिजतं आणि ओला स्वेटर नसण्यापेक्षा वाईट. थरथर, आत घेतलेली शेपटी, आळीपाळीने उचललेले पाय दिसले की फेरी तिथेच थांबवा.

कोपऱ्याकोपऱ्यावरच्या शेकोट्यांपासून त्याला लांब ठेवा. वरून राख झालेली दिसते, पण आत निखारा असतो आणि पंजा भाजतो.

घरी आल्यावर आधी त्याचा स्वेटर काढा, पंजे आणि पोट कोरड्या फडक्याने पुसा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. मग चहा ठेवण्याआधी स्वतःचा आतला टीशर्ट बदला.