बायपाससाठी धमनी निवडताना

एलएडीला (हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी धमनी) डावी मॅमरी (छातीच्या आतल्या बाजूची धमनी). इथे मी फार विचार करत नाही, दहा वर्षांनंतरही दहातल्या नऊहून अधिक सुरू असतात. खरा कस दुसऱ्या ग्राफ्टला, म्हणजे अडथळ्याच्या पुढे जोडायच्या दुसऱ्या रक्तवाहिनीला, लागतो.

तिथे रेडियल, म्हणजे मनगटातली अंगठ्याकडची धमनी, घेता येईल का यासाठी मी आधी हात बघतो, तोही शक्यतो जो लिहायचा नाही तो. पेशंटला मूठ घट्ट आवळायला सांगायची, मनगटावरच्या दोन्ही धमन्या दाबायच्या, मूठ उघडली की तळवा पांढराफटक दिसतो. मग फक्त करंगळीकडची सोडायची. पाच-सात सेकंदांत लाली परतली तर ठीक. रेंगाळली तर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केल्याशिवाय त्या हाताला सुरी लावू नका. अँजिओग्राफी त्याच मनगटातून झाली असेल तर ती रेडियल मी सोडूनच देतो.

आता अँजिओग्राम पुन्हा लावा. रेडियल जोडायची तर हृदयाच्या डावीकडच्या धमनीतला अडथळा निदान ७० टक्के, उजवीकडच्या धमनीतला ९० टक्के हवा. मूळ रक्तवाहिनी बऱ्यापैकी वाहत असेल तर रेडियल आकसून दोरीसारखी होते. तिथे पायाची शीर बरी.

दोन्ही मॅमरी? साखर हाताबाहेर, वजन जास्त, फुप्फुसं खराब असतील तर नको. अशांत दोन्ही काढल्या आणि छातीचं हाड जुळत नाही तेव्हा पेशंटचे हाल बघवत नाहीत.