आधी पोर्ट बघा, मग हार्ड डिस्क घ्या

नाशिकच्या 2015 च्या सिंहस्थात माझ्या मामेभावाने रामकुंडावर काढलेले हजारो फोटो एकाच पोर्टेबल हार्ड डिस्कमध्ये होते. काही वर्षांनी ती लॅपटॉपला लावली की क्षणभर दिसायची आणि गायब व्हायची. डिस्क आतून ठणठणीत होती, पण वायर खोचायचं तोंड सैल झालं होतं. फोटो परत मिळेपर्यंत आमच्या जिवात जीव नव्हता. आता 2026-27 चा सिंहस्थ आला आहे आणि पुन्हा घरोघरी फोटो-व्हिडिओ साठतील. म्हणून एम. जी. रोडवरच्या दुकानाची पायरी चढण्याआधी काय ठरवून जायचं, ते सांगतो.

पायरी 1: घरीच लॅपटॉपची पोर्टं पाहा

चौकोनी यूएसबी पोर्टच्या आतली पट्टी निळी असेल किंवा शेजारी 'एसएस' अशी खूण असेल, तर ते बहुधा यूएसबी 3 आहे. काळी किंवा पांढरी पट्टी बऱ्याचदा जुन्या यूएसबी 2.0 ची असते. रंगाचा नियम सगळ्या कंपन्या पाळत नाहीत, त्यामुळे मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर एकदा खात्री करा. लंबगोल छोटं पोर्ट म्हणजे टाइप-सी. डिस्क टीव्हीला किंवा मोबाइललाही लावायची असेल, तर त्यांचीही पोर्टं आत्ताच बघून ठेवा.

पायरी 2: जागा किती लागेल ते मोजा

सध्याचे फोटो-व्हिडिओ किती जीबी आहेत ते बघा आणि निदान दुप्पट जागा धरा. 1 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 931 जीबी दिसते, यात दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या, एवढाच तो फरक.

पायरी 3: फिरती डिस्क की एसएसडी?

पोर्टेबल हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरत असते, बहुतेक मॉडेलांत मिनिटाला सुमारे 5400 वेळा. तिचा वेग सेकंदाला साधारण 100 ते 140 एमबी. चालू असताना ती टेबलावरून पडली तर बऱ्याचदा कायमची जाते. एसएसडी म्हणजे चिपवर डेटा साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे धक्के सोसते आणि पळतेही जोरात, मात्र तेवढ्याच जागेला पैसे बरेच जास्त पडतात.

माझं मत स्पष्ट आहे. लग्नाचं शूटिंग करणारा, दिवसभर बॅग पाठीवर घेऊन फिरणारा माणूस असेल तर एसएसडीच घ्यावी. घरच्या कपाटात फोटो जपून ठेवायचे असतील तर फिरती डिस्क पुरते, आणि वाचलेल्या पैशांत दुसरी घ्यावी. एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता तशीच ठेवणं बरं नाही, हेही एक कारण.

पायरी 4: जोडणी निवडा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. यूएसबी 2.0 चा कागदावरचा वेग सेकंदाला 480 मेगाबिट (8 मेगाबिट म्हणजे 1 एमबी). 2008 मध्ये आलेल्या यूएसबी 3.0 चा 5 गिगाबिट. पुढे त्याच 3.0 ला '3.1 जेन 1' आणि नंतर '3.2 जेन 1' अशी नावं मिळाली. खोक्यावरचं नाव बदललं, वेग तोच राहिला. म्हणून नाव वाचू नका, गिगाबिटचा आकडा वाचा: 5, 10, 20 की 40.

टाइप-सी हा फक्त पिनचा आकार आहे. त्याच्या आत 480 मेगाबिटही असू शकतात आणि 40 गिगाबिटही. थंडरबोल्ट या वेगळ्या वेगवान जोडणीचं पोर्टही तसंच दिसतं, पण फक्त थंडरबोल्टसाठी बनवलेली डिस्क साध्या टाइप-सी पोर्टवर चालेलच असं नाही.

हायवेने कितीही वेगात या, द्वारका चौकात अडकलात की वेग चौकाचाच. इथेही तसंच आहे. 200 जीबी फोटो यूएसबी 2.0 वरून जायला दीड तासाच्या वर लागतो. तीच फिरती डिस्क 5 गिगाबिटच्या पोर्टला लावली तर साधारण अर्धा तास. पण तिच्यासाठी 10 गिगाबिटचे पैसे मोजलेत तरी अर्ध्या तासाची पंचवीस मिनिटं होणार नाहीत, कारण तबकडीच तेवढी पळत नाही. 10 गिगाबिटचा खरा फायदा सेकंदाला 1000 एमबीच्या आसपास जाणाऱ्या एसएसडीला. आणि 20 ची एसएसडी 10 च्या पोर्टला लावली तर 10 नेच चालते.

पायरी 5: दुकानात

डिस्कच्या बाजूचं तोंड बघा. जुन्या धाटणीचं रुंद, दोन भागांचं मायक्रो-बी असेल तर शक्यतो टाळा. मामेभावाचं तेच सैल झालं होतं. टाइप-सीचं तोंड असलेली मॉडेलं आता सहज मिळतात.

वायर सोबतचीच वापरा. मोबाइल चार्जरच्या कित्येक टाइप-सी वायरी डेटासाठी यूएसबी 2.0 च्याच वेगाच्या असतात, आणि मग लोक डिस्कला दोष देतात. फिरती डिस्क थेट लॅपटॉपला लावा. स्वस्त हबमधून (एका पोर्टची अनेक पोर्टं करणाऱ्या डबीतून) तिला पुरेशी वीज मिळाली नाही की ती टकटक आवाज करते आणि मध्येच सुटते.

काही हजारांत 16 टीबीची एसएसडी ऑनलाइन दिसली तर घेऊ नका. तसल्या बनावट डबीत छोटं मेमरी कार्ड असतं. पावती पक्की घ्या, तिच्यावर सीरियल नंबर लिहून घ्या.

पायरी 6: घरी आणल्यावर

विंडोज आणि मॅक दोन्हींवर वापरायची असेल तर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. एक्सफॅट, फॅट32, एनटीएफएस या डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धती. फॅट32 मध्ये 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एनटीएफएसवर मॅक नुसतं वाचतो, लिहीत नाही. परत करायची मुदत संपण्याआधी डिस्क एकदा पूर्ण भरून, त्यातल्या फाइली उघडून बघा.

आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा. गोदावरीला पूर आला की आपण नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते विचारतो. नदीकाठच्या घरात दोन्ही प्रती एकाच कपाटात असतील तर दोन्ही भिजतील. मामेभाऊ पंचवटीत राहतो, त्याची दुसरी डिस्क आता इंदिरानगरला ताईच्या कपाटात असते. दर दिवाळीत भाऊबीजेला तो ती लावून बघतो आणि वर्षभराचे फोटो तिच्यात भरतो.