वडिलांच्या बंदुका मुलाच्या नावावर करताय? या चुका टाळा

आमचे अण्णा गेले तेव्हा त्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात दोन बंदुका होत्या, एक बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचं माप) दुनळी आणि एक आजोबांच्या वेळची ठासणीची, डुकरं-माकडांपासून पीक राखायला घेतलेली. दोन्ही अण्णांच्या लायसन्सवर. दिवसकार्य झालं, मग सातबाऱ्यावर वारस नोंद, बँकेची कामं, या सगळ्यात त्या कपाटाला कोणी हातच लावला नाही, कारण लायसन्सची मुदत संपायला अजून दीड वर्ष होतं आणि आम्हाला वाटलं तोपर्यंत चालतंय. नाही चालत! लायसन्स माणसाचं असतं, बंदुकीचं नाही. माणूस गेला की पुस्तकात पुढची कुठलीही तारीख लिहिलेली असू दे, घरातल्या बाकीच्यांना ती बंदूक ठेवायचा हक्क उरत नाही.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ मध्ये स्पष्ट आहे की अशी बंदूक विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा लायसन्स असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची, काडतुसं पण त्यातच आली. विनापरवाना बाळगली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद आहे. आम्ही चार महिने काढले, काही झालं नाही हे नशीब, पण आईच्या घरात ते हत्यार होतं आणि कोणी तक्रार केली असती तर जबाब तिला द्यावा लागला असता हे आठवलं की अजून छातीत धस्स होतं.

जमा करायला जाताना बंदूक गोणपाटात गुंडाळून बाईकवर टाकून निघू नका. आधी ठाण्यात फोन करा, मृत्यूची माहिती द्या आणि बंदूक कशी आणायची ते त्यांनाच विचारा. पोचपावती घेतल्याशिवाय परत येऊ नका, त्या पावतीवर बंदुकीची मेक (कोणत्या कंपनीची ते), बोअर, बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या सगळं पाहिजे. नंबर नळीवरून स्वतः वाचून घ्या, कारण जुन्या हाताने लिहिलेल्या लायसन्सात एखादा आकडा चुकलेला असतो आणि मग वारसाच्या अर्जात सगळं तिथेच अडतं. गंज चढून नंबर दिसत नसेल तर घरी घासत बसू नका, नंबर खोडल्याचा संशय आला तर तो वेगळाच गुन्हा होतो.

कोकणात अजून एक घोटाळा बघितलाय. निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा होतात, आणि त्याच काळात वडील गेले तर मुलगा आचारसंहिता संपल्यावर वडिलांचं लायसन्स आणि पावती घेऊन जातो आणि बंदूक घेऊन घरी येतो. असं अजिबात करू नका, बंदूक ठाण्यातच आहे तर उलट अर्धं काम झालंय, तिथेच राहू द्या आणि मृत्यू दाखला देऊन पुढचा अर्ज करा.

दुसरी चूक मृत्युपत्राची. लोक लिहून ठेवतात की बंदूक थोरल्याला, आणि थोरला समजतो झालं आपलं. मृत्युपत्राने मालकी मिळते, ताबा नाही. ताब्यासाठी मुलाचं स्वतःचं लायसन्स लागतं, वय २१ पूर्ण लागतं, पोलिस पडताळणी होते, मेडिकल, बंदूक सुरक्षित कुठे ठेवणार ते, शस्त्र हाताळायचं ट्रेनिंग हे सगळं लागतं. रिटेनर म्हणून, म्हणजे लायसन्सधारकाच्या वतीने बंदूक बाळगणारा म्हणून, लायसन्सात नाव होतं असं काही जण सांगतात, पण तो हक्कही मूळ लायसन्सवरच उभा असतो, तो माणूस गेला की संपला.

आणि हे सगळं वडील हयात असताना करता येतं हेच बहुतेकांना माहीत नसतं, मला याचीच सगळ्यात जास्त हळहळ वाटते. शस्त्र नियम २०१६ मधला नियम २५ बघा. लायसन्सधारकाला ७० वर्षं पूर्ण झाली किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे आहे, यातलं जे आधी होईल तेव्हा तो स्वतः आपला वारस नेमून त्याच्या नावाने लायसन्स मागू शकतो. आमचे अण्णा ७८ चे होते! आठ वर्षं हातात होती आणि आम्ही साधी चौकशी केली नाही. वडील समोर असले की सही त्यांची, कागद कुठे आहेत ते त्यांना माहीत, भावंडांनाही त्यांच्या तोंडून कळतं.

भावंडांचं म्हणाल तर वडील गेल्यानंतर बाकीच्या वारसांचं हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि लग्न झालेल्या बहिणींना धरायचं राहून जातं. ताई लांब आहे, तिला कशाला त्रास, असं म्हणून तिचं नावच घातलं नाही तर फाईल परत येते आणि वर नात्यात कडूपणा येतो तो वेगळाच.

आता ज्यांच्याकडे खरंच कलेक्शन आहे त्यांच्यासाठी. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला ३ ऐवजी २ च बंदुका ठेवता येतात, आणि वारसाने आलेल्या बंदुकांनाही हीच मर्यादा आहे. म्हणजे मुलाकडे आधीच एक रिव्हॉल्व्हर असेल तर वडिलांच्या दोनातली एकच त्याच्याकडे येईल, दुसरी बहीण किंवा भाऊ पात्र असेल तर त्यांच्या नावावर करा, नाहीतर विक्रेत्यामार्फत विका. ९ एमएम किंवा .३०३ सारखी प्रतिबंधित बोअरची असेल तर ती फाईल कलेक्टर ऑफिसात मिटत नाही, दिल्लीला गृह मंत्रालयाचा विषय आहे.

जुनी आहे, शोभेची आहे, तिला काय लायसन्स, हा गैरसमज ठासणीच्या बंदुकीबाबत फार आहे. कायद्यातली सूट फक्त अशा जुन्या किंवा मोडक्या हत्याराला आहे जे दुरुस्त करूनही चालणार नाही. आमची ठासणीची आजही बार काढते, तिला पूर्ण कायदा लागू.

मुलगा पुण्या-मुंबईत राहतो आणि बंदूक गावाला, असं असेल तर अर्ज मुलगा जिथे राहतो तिथे. पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे, बाकी जिल्ह्यात कलेक्टरकडे. गावचा पत्ता टाकून सोपं होईल असं वाटतं पण पडताळणीला आलेल्या पोलिसाला शेजारी सांगतातच की तो इथे राहत नाही.

जमा केली म्हणून निवांतही बसू नका. ठरलेल्या मुदतीत ना लायसन्स आलं ना विक्री झाली तर ती सरकारजमा होऊ शकते. त्यामुळे अर्जाची पोच जपा, शस्त्र शाखेत महिन्या-दोन महिन्यांनी चक्कर मारा, जमेल तेवढं लेखी मागा. अर्ज नाकारला तर कारणासकट लेखी आदेश घ्या, अपिलाला ३० दिवस असतात, आणि अपील चालू असेपर्यंत बंदूक जमाच राहू द्या. आमची दुनळी ठाण्यातून घरी यायला सव्वा वर्ष लागलं, ठासणीची ताईच्या मुलाला हवीये, त्याला पुढच्या मे मध्ये २१ पूर्ण होतील तेव्हा अर्ज करू, तोपर्यंत ती विक्रेत्याकडे आहे आणि पावती आईच्या देव्हाऱ्याखालच्या खणात.