छोट्या भट्टीवाल्या पिझ्झाच्या जागी जाताय आणि मालक तुसडा आहे? मग हे आधी वाचा

आमच्या घराजवळ पिझ्झाची एक जागा आहे, नाव लिहीत नाही, पाच टेबलं, एक लाकडाची भट्टी आणि मालक स्वतः पीठ मळतो, स्वतः भाजतो आणि स्वतःच तोंडावर "नाही" म्हणतो. रिव्ह्यू वाचले तर अर्धे लोक म्हणतात असा पिझ्झा अख्ख्या पुण्यात नाही आणि अर्धे म्हणतात परत पाय ठेवणार नाही, आणि दोन्ही खरंय. मी आधी दुसऱ्या गटात होते, आता पहिल्या गटात आहे, मधे काय काय कळलं ते लिहितेय.

पहिल्यांदा गेलो ते बाबांच्या सत्तराव्या वाढदिवसाला. शनिवार, रात्रीचे साडेआठ, आम्ही सात जण आणि फोन केलेला नाही. दारातच त्याने विचारलं किती, मी म्हटलं सात, तो म्हणाला "नाही जमणार" आणि वळला भट्टीकडे. सॉरी नाही, थांबा नाही, काही नाही. बाबा म्हणाले चल गं, एवढं काय अडलंय आपलं. पण मुलांना भूक लागली होती म्हणून थांबलो, पाऊण तासाने दोन वेगवेगळी टेबलं मिळाली, ज्यांचा वाढदिवस त्यांचाच पिझ्झा सगळ्यात शेवटी आला, तोवर नातवंडांचं खाऊन संपलं होतं, आणि आईने टोमॅटो सॉस मागितलं तर "ठेवत नाही". घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

महिन्याभराने मी एकटीच गेले, मंगळवारी संध्याकाळी सातला, भट्टीसमोरच्या स्टुलावर बसले आणि नुसती बघत राहिले. तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली.

भट्टीचं गणित समजून घ्या, अर्धा राग तिथेच जातो

या जागा बहुतेक इटलीतल्या नेपल्स शहराच्या पद्धतीने पिझ्झा करतात. तिथल्या पिझ्झावाल्यांची संघटना १९८४ पासून आहे, त्यांचे नियम ठरलेले आहेत, २०१७ मध्ये युनेस्कोने या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. मुद्दा तो नाही, मुद्दा हा की या पद्धतीत भट्टी साधारण ४८५ डिग्री सेल्सिअसला असते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून बाहेर येतो. म्हणजे पिझ्झा आत गेला की हा माणूस लांब दांड्याच्या उलथन्याने त्याची कड जरा उचलून बघतो, पाव वळसा देतो, परत बघतो, परत वळसा. मी बघत होते तेव्हा एका काकांनी मागून विचारलं वॉशरूम कुठेय, त्याने मान वळवून हाताने दाखवलं, आणि तेवढ्यात एका बाजूची कड कोळसा झाली. तो पिझ्झा त्याने काही न बोलता बाजूला टाकला आणि नवीन गोळा घेतला. मिनिटा-दीड मिनिटाचं काम असतं तिथे गोड बोलायला उसंतच नसते. आपल्याला ते तुसडेपणा वाटतो आणि कधीकधी तो असतोही, पण पुष्कळदा ती नुसती घाई असते.

दुसरं म्हणजे पीठ. हे पीठ २४ तास, कुठे कुठे ४८ तास आधी मळून ठेवतात, त्यामुळे आजचे गोळे कालच ठरलेले असतात. "संपलं" म्हणजे खरंच संपलं, भांडून नवीन गोळा येत नाही.

तिसरं, छोट्या भट्टीत एका वेळी दोन, फार तर तीन पिझ्झे मावतात. सात जणांचे सात पिझ्झे एकदम कधीच येणार नाहीत.

मग जायचं कसं

फोन करा, पण दुपारी चारनंतर आणि सहाच्या आत. आठ वाजता फोन केलात तर उचलणार नाहीत, आणि उचलला तर एका शब्दात उत्तर येईल. फोनवर तीनच गोष्टी सांगा: किती जण, किती वाजता, लहान मूल किंवा वयस्कर कोणी आहे का. वाढदिवस आहे, केक आणू का, मेणबत्ती लावू का हे सगळं तेव्हाच विचारून टाका, कारण तिथे गेल्यावर विचारलंत तर नाहीच म्हणतील.

शक्यतो मंगळवार ते गुरुवार, सात वाजता. भट्टी चांगली तापलेली असते, गर्दी नसते आणि माणूसही दमलेला नसतो. दोघं-चौघं जा. सहाच्या वर असाल तर पिझ्झे वाटून खायचे असं घरूनच ठरवून निघा, म्हणजे जो आला तो सगळ्यांनी गरम गरम खायचा, पुढचा येईल तेव्हा येईल. आपल्याकडे घरी पुरणपोळी असते तेव्हा तव्यावरून उतरेल तशी पानात पडतेच ना, सगळ्या होईपर्यंत कोणी थांबत नाही, तसंच हे.

ऑर्डर एकदाच आणि सगळी द्या. मेन्यू छोटा असेल तर तो माज समजू नका, नेपल्समधलं दा मिकेले हे पिझ्झाचं दुकान १८७० पासूनचं आहे आणि कितीतरी वर्षं त्यांच्याकडे मारिनारा आणि मार्गेरिता असे दोनच प्रकार मिळायचे. अर्धा हा अर्धा तो, एक्स्ट्रा चीज, पनीर घाला, कड पातळ करा असलं काही मागू नका, कारण हे पीठ पातळ असतं, जड टॉपिंगने मधे फाटतं आणि भट्टीच्या तळाला चिकटतं. चीज कमी दिसतं म्हणून कोणी फसवत नाहीये, पद्धतच तशी आहे.

आई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही, तिच्यासाठी मला सापडलेली सोय सांगते. नेपल्सच्या पद्धतीत सॉस शिजवत नाहीत, टोमॅटो नुसते चुरडून मीठ घालतात, त्यामुळे मार्गेरितात बहुतेक ठिकाणी लसूण नसतोच. मारिनारात मात्र लसूण असतो आणि चीज नसतं. तरी ऑर्डर देताना "लसूण चालत नाही" एवढं स्पष्ट सांगा, विचारताना भिऊ नका, मालक कितीही फटकळ असला तरी जेवणाबद्दलच्या नेमक्या प्रश्नाला हे लोक नीट उत्तर देतात असा माझा अनुभव आहे.

पिझ्झा आला की फोटोसाठी थांबू नका, दोन मिनिटांत मधला भाग ओला होतो. काळे चट्टे म्हणजे जळालेला नाही आणि मधे मऊ म्हणजे कच्चा नाही. पण कड आतून पिठूळ लागली, दाताला कच्चं पीठ चिकटलं, किंवा खालची बाजू सगळी काळी कडू असेल तर ते चुकलेलंच आहे, लगेच दाखवा, अर्धा खाऊन झाल्यावर नको. पार्सल तर नेऊच नका, खोक्यात वाफ धरते आणि घरी पोचेपर्यंत लिबलिबीत होतो. आपल्याकडे डॉमिनोज १९९६ ला आलं, आपली पिझ्झाची सवय तिथली, खोकं, ओरेगॅनोची पुडी, सॉसची पुडी. मलाही तो पिझ्झा आवडतो. हा वेगळा पदार्थ आहे एवढंच.

अपमान झाला तर मात्र गप्प बसू नका

इथे मला जरा जास्त बोलायचंय. "नाही", "संपलं", "थांबा", "ठेवत नाही" हे तुटक बोलणं झालं, ते सोडून द्यावं. पण तुमच्या कपड्यांवरून, भाषेवरून, आईवडिलांच्या खाण्याच्या सवयीवरून कोणी बोललं तर तो अपमान आहे आणि पिझ्झा कितीही चांगला असला तरी तो गिळायचा नसतो. दुसऱ्या एका जागी आईने पिझ्झा कापून मागितला, या पद्धतीत न कापता देतात आणि आपण सुरीकाट्याने खायचा असतो, पण तिच्या बोटांना संधिवात आहे, सुरी धरवत नाही. वाढणारा म्हणाला, "असं खायचं असेल तर मॉलमध्ये जा." मी आवाज न चढवता म्हटलं, भाऊ, कापून देत नाही एवढं सांगा, मॉलचं नको, त्यांचा हात दुखतो. तो एकदम गप्प झाला, कात्री घेऊन आला आणि स्वतः आठ तुकडे करून दिले. ओरडले असते तर आईला तिथे बसवलं नसतं. तरी तिथे आम्ही परत गेलो नाही, आईची इच्छा नाही म्हणून.

वाढणाऱ्या मुलांवर मात्र राग काढू नका, मालक त्यांच्यावर आपल्यापेक्षा जास्त खेकसत असतो. टीप द्यायची तर त्यांच्या हातात द्या.

बिल बघून घ्या. ५ टक्के जीएसटी असतो, तो द्यायचाच. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच तसं सांगितलंय आणि दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवलं. काढा म्हणून सांगा, नाही काढला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

रिव्ह्यू लिहायचा तर दुसऱ्या दिवशी सकाळी लिहा. वार, वेळ, किती जण होतात, काय मागवलं, किती थांबलात हे लिहा, आणि "उद्धट आहेत" लिहिण्यापेक्षा ते नेमकं काय म्हणाले ते वाक्य जसंच्या तसं लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः ठरवता येतं. चव आणि वागणूक वेगवेगळी लिहा.

यंदा बाबांच्या वाढदिवसाला मी आदल्या दिवशी साडेचारला फोन केला, बुधवारी सात वाजता, सात जण, दोघं सत्तरीचे, एकीला लसूण नको. "या. वेळेवर या," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. आम्ही सातला पाच कमी असताना पोचलो तर दोन टेबलं जोडून ठेवली होती. बाबा भट्टीसमोरच्या स्टुलावर जाऊन बसले आणि तिथेच त्याने पहिला पिझ्झा त्यांच्यासमोर ठेवला, बोलला काहीच नाही. स्टुलं तीनच आहेत आणि पाठ टेकायला काही नाही, वयस्कर माणूस बरोबर असेल तर टेबलावर त्यांची खुर्ची धरून ठेवा, बाबा वीस मिनिटांनी कंबर धरून टेबलावर आले.