सेल्युलर ऑटोमाटा वापरून बीमचं डिझाईन कसं करायचं

सेल्युलर ऑटोमाटा (चौकोनांची जाळी, जिथे प्रत्येक चौकोन म्हणजे सेल आपल्या शेजाऱ्यांकडे बघून ठरलेल्या नियमाने बदलतो) म्हटलं की सगळ्यांना कॉनवेचा १९७० चा गेम ऑफ लाइफच आठवतो, पण बीममध्ये मटेरियल कुठे ठेवायचं आणि कुठून काढायचं हे ठरवायलाही ही पद्धत मस्त चालते. हाडाचं असतं तसंच, जोर पडतो तिथे भरतं आणि पडत नाही तिथे झिजतं.

साध्या कॅन्टिलिव्हरपासून, म्हणजे एकाच टोकाला पक्क्या धरलेल्या बीमपासून सुरू करा. ६० बाय २० ची ग्रिड, डावी कड फिक्स, उजव्या कडेच्या मध्यावर खाली लोड, आणि सगळ्या १२०० सेलना ०.५ डेन्सिटी (१ म्हणजे पूर्ण भरलेला सेल, ० म्हणजे रिकामा). सेलचा स्टिफनेस (कडकपणा) डेन्सिटीच्या घनाप्रमाणे धरायचा, म्हणजे अर्धं मटेरियल घातलं तर स्टिफनेस फक्त एक अष्टमांश मिळतो, त्यामुळे अर्धवट भरलेले सेल परवडतच नाहीत. पूर्ण शून्य मात्र ठेवू नका, ०.००१ ठेवा, नाहीतर समीकरणांची मॅट्रिक्स सिंग्युलर होते, म्हणजे एकच एक उत्तर निघत नाही, आणि सॉल्व्हर अडकतो.

प्रत्येक फेरीत आधी एफईएम (फायनाइट एलिमेंट मेथड, बीमचे छोटे तुकडे करून जोर मोजायची पद्धत) चालवून सेलची स्ट्रेन एनर्जी डेन्सिटी (लोडमुळे सेलच्या दर आकारमानामागे साठणारी ऊर्जा) काढायची, मग नियम लावायचा. समजा टार्गेट, म्हणजे सेलमध्ये हवी असलेली एनर्जी, १० आहे, सेलची स्वतःची एनर्जी १४ आणि चार शेजाऱ्यांची १२, ८, ९, ७. एकट्या सेलकडे बघितलं तर वाटेल की वाढवा, पण पाचांची सरासरी बरोबर १० येते, म्हणून हात लावायचा नाही. खरी गंमत इथेच आहे, ही सरासरी सोडली की बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन येतात आणि ते खोटाच स्टिफनेस दाखवतात.

सरासरी टार्गेटपेक्षा जास्त असेल तर डेन्सिटी वाढवा, कमी असेल तर घटवा, पण एका फेरीत ०.१ च्या वर हलवू नका, घाई केली की डिझाईन नुसतं मागेपुढे डोलत राहतं. एकूण मटेरियल ठरवलेल्यापेक्षा जास्त झालं तर टार्गेट थोडं वर न्या, कमी पडलं तर खाली आणा. कुठल्याच सेलमधला बदल ०.०१ च्या वर जाईना की थांबा, तोवर तिरक्या दांड्यांचा ट्रससारखा आकार दिसायला लागलेला असतो.

तो आकार तसाच ड्रॉइंगला पाठवू नका हं, कडा गुळगुळीत करून नवीन मेश घ्या आणि स्ट्रेस चेक करा, आणि बारीक दाबातल्या दांड्यांचं बकलिंग (दाबाने अचानक वाकणं) तर वेगळं बघाच कारण आपल्या नियमाला बकलिंग कळतच नाही.