५६ एपीओवर जवानाला पार्सल कसं पाठवायचं

माझा धाकटा भाऊ अकरा वर्षं फौजेत आहे. पहिल्या दिवाळीला त्याला धाडलेला फराळ महिनाभराने फिरून आमच्याच दारात आला. पार्सल देताना काउंटरवर "गाव कुठलं?" असं विचारलं, म्हणून आम्ही पत्त्यात लेह लिहिलं आणि युनिटचं नाव अर्धवटच टाकलं. आईने ते पार्सल उघडलंसुद्धा नाही. तुमच्या घरी असं होऊ नये म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

आधी पत्ता. जवानाच्या पत्त्यात गाव-जिल्हा नसतोच. आर्मी नंबर, रँक, पूर्ण नाव, कंपनी, युनिट, मग 'केअर ऑफ ५६ एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) आणि शेवटी ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिनकोड. पूर्वेकडच्या युनिट्सना ५६ च्या जागी ९९ एपीओ असतं. ९ चा पिन म्हणजे लष्करी टपाल. युनिट कुठे आहे ते टपालखात्याच्या लष्करी शाखेला ठाऊक असतं आणि तिथवर पोचवणं त्यांचं काम. त्यामुळे युनिट हललं तरी पत्ता बहुधा तोच राहतो आणि बाहेरच्या कुणाला ठिकाण कळत नाही. (या सेवेचं प्रशिक्षण केंद्र आपल्याच नागपूरजवळ, कामठीला आहे.) पत्ता भावाकडून, नवऱ्याकडून, मुलाकडून अक्षर न् अक्षर लिहून घ्या. बदली झाली की नवा मागा. पार्सलवर तो इंग्रजीत किंवा हिंदीत, ठळक लिहा. दक्षिण सुदानसारख्या ठिकाणी शांतिसेनेत गेलेल्यांचा पत्ता कसा लिहायचा, तेही त्यालाच विचारा.

खाजगी कुरियरवाल्यांकडे जाऊ नका, एपीओचा पत्ता त्यांच्या कामाचा नाही. सरळ पोस्टात जा, स्पीड पोस्ट करा, पावती जपून ठेवा. ऑनलाइन नोंद मध्येच थांबली तरी जिवाला घोर लावून घेऊ नका. फॉरवर्ड पोस्टवर, म्हणजे सीमेजवळच्या चौकीवर, डाक कधी गाडीतून जाते, कधी हेलिकॉप्टरमधून, तर कधी माणसाच्या पाठीवरून.

काय पाठवायचं? फराळातले शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू उत्तम टिकतात. चकलीचा वाटेत चुरा होतो. ओल्या नारळाचं काहीही नको. आमच्या भावाला सगळ्यात जास्त लागते ती शेंगदाण्याची कोरडी चटणी, मेतकूट आणि कांदा-लसूण मसाला. लंगरच्या, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातल्या, डाळीवर चिमूटभर मसाला पडला की घरी जेवल्यासारखं वाटतं, असं तो सांगतो. एकट्यापुरतं कधीच पाठवू नका. डबा उघडतो तेव्हा बरॅकमधली सगळी पोरं गोळा होतात. खोबरेल थंडीत दगड होतं आणि बाटली फुटली की कपडे खराब, म्हणून तेल-लोणचं टाळा. त्याऐवजी लोकरीचे मोजे, व्हॅसलिन, ओठांचं मलम द्या. काडेपेटी, लायटर, डिओ, पॉवर बँक टपालात चालत नाही.

बांधणीला मात्र वेळ द्या. चटणी दुहेरी पिशवीत भरून, हवा काढून, तोंड मेणबत्तीवर चिकटवायचं. लाडू एकेक कागदात गुंडाळायचे. मोकळ्या जागेत मोजे कोंबायचे, म्हणजे खोका हलवला तरी आतून आवाज येत नाही. आई वरून मांजरपाट दाभणाने शिवते, टाके बोटभर अंतराचे, आणि पत्ता मार्करने थेट कापडावर लिहिते. आत एका चिठ्ठीवर तोच पत्ता पुन्हा लिहून टाका, वरचा पुसला तर ती कामी येते.

लडाखला पाठवायचं असेल तर दिवाळीची वाट बघू नका. बर्फ पडला की लडाखच्या वाटेवरची झोजिला खिंड बंद होते. आम्ही दसऱ्याच्या आधीच पोस्टात जातो. राखी तर महिनाभर आधी, पोस्टात मिळणाऱ्या वॉटरप्रूफ पाकिटातून.

पार्सलमध्ये पत्र हवंच. पत्रांना नंबर घाला, कारण तिसरं आधी आणि पहिलं नंतर असंही पोचतं. गाय व्याली, पोरीला गणितात किती मिळाले, विहिरीला पाणी किती आहे, असलंच लिहा. भावकीची भांडणं सुट्टीवर आल्यावर.

सीमेवर तणाव असेल, फोन लागत नसेल, तेव्हा पार्सल उशिरा जाईल, पण पाठवणं थांबवू नका. पत्त्याचा फोटो स्टेटसला ठेवू नका, तो कुठे आहे हे कुणी विचारलं तरी सांगू नका.

त्याच्याकडून येणारं पार्सलही फील्ड पोस्ट ऑफिसातूनच, म्हणजे फौजेच्या टपालकचेरीतूनच येतं. रिकामी काडतुसं, वर्दीचं कापड असलं काही आठवण म्हणून मागू नका, त्यात तोच अडचणीत येईल. मागच्या वेळी त्याने वाळवलेले जर्दाळू पाठवले, आईच्याच मांजरपाटात, कापड उलटं करून शिवलेले. टाके वाकडेतिकडे होते. टाके उसवल्यावर आत निळ्या पेनाने तीन-चार वेगवेगळ्या अक्षरांत एकच ओळ लिहिलेली दिसली: "माताजी, चटनी और भेजना."