म्हैस व्यायला आलीय? या चुका टाळा

गाय नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने दहा दिवस. मुरबाड-शहापूरकडच्या गोठ्यांत हा हिशेब तोंडपाठ असतो आणि तो बरोबरही आहे. गाय साधारण २८० दिवसांनी विते, म्हैस ३१०च्या आसपास. पण भरवल्याची (गाभण राहण्यासाठी वळू-रेडा दाखवल्याची किंवा रेतन केल्याची) तारीख कुणी लिहून ठेवत नाही. "गणपतीत भरवली होती" एवढ्यावर काम चालतं, आणि गणपती तर दरवर्षी मागेपुढे होतात. मग व्यायच्या दोन महिने आधी दूध आटवायचं राहून जातं आणि ऐन वेळी घरचे सगळे लग्नाला गेलेले असतात. गोठ्यातल्या कॅलेंडरवर तारखेला गोल करा, निम्मी धावपळ वाचेल.

उरलेलं नुकसान बहुतेक वेळा एकाच तऱ्हेनं होतं. जिथे थांबायचं तिथे माणसं दोर लावून ओढतात, आणि जिथे लगेच डॉक्टरला बोलवायचं तिथे "बघू सकाळी" म्हणतात.

जागा आधी बघा

कास भरली, सडांत चीक (व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध) उतरला, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडले की एक-दोन दिवसांचा मामला समजायचा. तेव्हाच तिला रांगेतून सोडवून मोकळ्या, कोरड्या जागी न्यायला हवं. कल्याण-भिवंडीकडच्या तबेल्यांत जागेची ओढ असते, मान्य. पण शेणमुतानं निसरड्या झालेल्या कोब्यावर कळा देणारी म्हैस उठता-बसता पाय फाकून पडली, तर ती पुन्हा उभी राहीलच असं नाही. खाली माती टाका, गोणपाट पसरा, वर भाताचा पेंढा जाड अंथरा. खाडीकाठच्या तबेल्यांत पावसाचं पाणी शिरतं, तिथे आषाढ-श्रावणात व्यायला येणाऱ्या जनावराची उंचावरची जागा आधीच ठरवून ठेवावी.

येऊरसारख्या जंगलालगतच्या पाड्यांवर चूक उलटी होते. दिवस भरलेली गाय चरायला सोडली जाते, ती झुडपात विते आणि वासरू तिथेच दडवून ठेवते. बिबट्याला आणखी काय हवं?

दोर कधी लावायचा

पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) फुटली की घड्याळ बघा. त्यानंतर दोन पुढचे खूर आणि त्यांवर टेकवलेलं नाकाड दिसलं, तर हात मागे बांधून उभं राहणं हेच काम. कळा येतात, थांबतात, परत येतात. त्या थांबण्यात वाट उघडत असते. पाणमोट फुटून तास उलटला, जनावर जोर करतंय आणि काहीच पुढे सरकत नाही, तर मात्र फोन लावायचा. पहिलारू (पहिल्यांदाच विणाऱ्या) कालवडीला थोडा जास्त वेळ लागतो, पण दोन तासांच्या पुढे तिच्यासाठीही थांबू नका. डॉक्टर घोडबंदर रोडच्या गर्दीतून येणार असेल तर तो वेळही आधीच धरा. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा नंबर आहे.

आता खूर नीट बघा. तळवे जमिनीकडे असतील तर पुढचे पाय. तळवे आभाळाकडे असतील तर बहुधा मागचे, म्हणजे वासरू पायाळू. खात्रीसाठी साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन पायावरून आत चाचपत जा. खुरावरचा सांधा आणि त्याच्या पुढचा सांधा एकाच दिशेला वाकत असतील तर तो पुढचा पाय, उलटसुलट वाकत असतील तर मागचा. पायाळू वासरात वेळ फार थोडा असतो. डोकं अजून आत असताना नाळ दाबली जाते आणि वासरू आतल्या आतच श्वास घ्यायला बघतं. खूर दिसतात पण डोकं लागत नाही, किंवा एकच पाय आलाय, अशा वेळी ओढाल तर मान किंवा पाय अडकून बसेल. "नाना, अजून एक माणूस बोलवा, जोर लावू" हे वाक्य ऐकू आलं की समजावं, काहीतरी बिघडणार. सगळं सरळ असेल तरच ओढायचं, तेही दोघांनी, कळ आली की, एकेक पाय आलटून पालटून, आणि डोकं बाहेर आल्यावर खाली मागच्या पायांच्या दिशेनं. मोटरसायकलला दोर बांधून वासरू काढणारे महाभाग आहेत. त्यांना गोठ्यात शिरू देऊ नका.

पान्हा सोडायचं इंजेक्शन देऊन कळा वाढवणं हा तबेल्यातला दुसरा जीवघेणा शहाणपणा. वाट उघडलेली नसताना किंवा वासरू आडवं असताना ते दिलं तर पिशवी (गर्भाशय) फाटते.

कळा आहेत, पाणमोट नाही

म्हशींत हे गायींपेक्षा जास्त दिसतं. पोटात दुखतं, उठबस करते, लाथा झाडते, चारा सोडते, पण बाहेर काहीच येत नाही. संध्याकाळपर्यंत थोडी शांत होते आणि घरचे म्हणतात, "खोट्या कळा होत्या." बऱ्याचदा पिशवीला पीळ पडलेला असतो. जनावराला आडवं पाडून लोळवून हा पीळ सोडवता येतो, पण तो उजवीकडे आहे की डावीकडे हे आत हात घालून तपासल्याशिवाय कळत नाही, आणि उलट्या बाजूला लोळवलं तर तो आणखी आवळतो. यात घरगुती उपाय नाही. त्याच दिवशी डॉक्टर हवा, कारण उशिरानं रेडकू आधी जातं आणि मग म्हैस.

जार आणि चीक

"जार पडल्याशिवाय पाजायचं नाही" ही समजूत अजून गेलेली नाही. जार म्हणजे वासरामागून पडणारी वार. वासराला आईच्या पोटात असताना रोगांशी लढायची ताकद मिळत नाही, ती सगळी चिकातून मिळते. आणि वासराची आतडी ती ताकद जशीच्या तशी शोषून घेतात ते पहिले काही तासच. २४ तासांत ते दार जवळजवळ बंद होतं. म्हणून वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक, म्हणजे ३० किलोच्या रेडकाला ३ लिटर, पहिल्या दिवसात पोटात गेला पाहिजे आणि त्यातला निम्मा पहिल्या एक-दोन तासांत. वासरू लुचलं की पिशवी आवळते, जार सुटायलाही मदत होते.

ठाण्यात चिकाला गिऱ्हाईक तयार असतं. खरवस मलाही आवडतो. पण आधी रेडकू, मग उरलेला चीक बरणीत. रेडा झाला म्हणून त्याचा वाटा कापणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही, तरी लिहून ठेवतो.

जार साधारण ८ ते १२ तासांत पडतो. नाही पडला तर त्याला वीट किंवा जुनी चप्पल बांधून लोंबकळत ठेवू नका आणि हातानं ओढूही नका. तुकडा आत राहिला तर पिशवी सडते आणि पुढचा माजही लांबतो. १२ तास उलटले की डॉक्टरला कळवा. पडलेला जार जनावराला खाऊ न देता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. सातव्या-आठव्या महिन्यात गाभडलेल्या (गर्भ पडलेल्या) जनावराचा जार तर उघड्या हातानं अजिबात उचलू नका. गाभ पाडणारा ब्रुसेलोसिस हा रोग असेल तर तो माणसालाही होतो. वासराच्या नाळेला टिंचर आयोडीन लावा, नाहीतर पावसाळ्यात माश्या बसून किडे पडतात.

व्यायल्यावर खाली बसली

तिसऱ्या वेतानंतरची, भरपूर दूध देणारी गाय व्यायल्यापासून तीन दिवसांत बसून राहिली, कान गार, नाकाड कोरडं, मान कुशीकडे वळलेली, तर रक्तातलं कॅल्शियम उतरलंय. अशा वेळी नळकांड्यानं गूळपाणी किंवा काढा पाजू नका. तिला नीट गिळता येत नाही, ते फुप्फुसात जातं. पोत्यांचा टेकू देऊन छातीवर बसती ठेवा, कुशीवर आडवी पडू देऊ नका. कॅल्शियमची बाटली शिरेतून भरभर सोडली तर हृदय बंद पडतं, म्हणून ते काम डॉक्टरचंच.

फोनवर डॉक्टरला "लवकर या" याखेरीज चार गोष्टी सांगा: कितवं वेत, पाणमोट किती वाजता फुटली, बाहेर नेमकं काय दिसतंय, आणि आधी कुणी आत हात घातला होता का. ही चौथी गोष्ट लोक हमखास लपवतात. ओढाओढीत आतून फाटलं असेल तर डॉक्टरला पुढचं सगळं वेगळं करावं लागतं, म्हणून तीच आधी सांगा.